महालात मागे किती सरकता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोकरीसाठी नागपुरात येऊन सहा महिने झाले. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा जुना कॅमेरा घेतलाय. सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम बाजूला ठेवून एकच फिक्स, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्यायची आणि शहर पायी बघायचं असं ठरवलंय. ३५ मिलिमीटरची घेऊ की ५०ची? सुरुवात कुठून करू? दोन रविवार बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात फिरलो, तीनशे फोटो काढले, एकही ठेवावासा वाटला नाही. लोक बघायला लागले की हात आपोआप खाली येतो. त्यापेक्षा लांब पल्ल्याची झूम घेऊन दुरून काढले तर?"

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण खरी अडचण तिथं आहे. झूम नको, निदान वर्षभर तरी नको. रस्त्याच्या पलीकडून काढलेल्या फोटोत माणूस येतो, पण तो कुठं उभा आहे ते येत नाही. मागची भिंत, दुकानाची पाटी, शेजारी टेकवलेली सायकल सगळं पुसट होऊन जातं. तो फोटो नागपूरचा आहे की इंदूरचा, हे खाली लिहून सांगावं लागतं. शिवाय चोरून काढल्याचा एक वास त्याला येतो. काढणाऱ्यालाही येतो, म्हणून तर तो फोटो नंतर ठेवावासा वाटत नाही.

मी पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढून घर चालवलं. लग्नात माझ्याकडे दोन कॅमेरे, तीन लेन्स आणि बॅग धरायला एक पोरगा असतो. रविवारी सकाळी मात्र एक कॅमेरा, त्यावर एक लेन्स आणि खिशात जादा बॅटरी. ही सवय फजितीतून लागली. सतरा-अठरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मिरवणुकीत काढतात ते मोठाले पुतळे, बघायला इतवारीच्या बाजारात गेलो होतो. पिवळी मारबत आणि काळी मारबत नेहरू पुतळ्याच्या चौकात समोरासमोर येतात, तो क्षण टिपायचा म्हणून सकाळपासून जागा धरून उभा होतो. कॅमेऱ्यावर लांबची लेन्स होती. दोघी जवळ आल्या तेव्हा कळलं की फ्रेममध्ये नुसतं काळीचं नाक मावतंय. घाईनं लेन्स बदलायला घेतली. मागचं झाकण दातात, एक लेन्स काखेत, वरून पाऊस भुरभुरतोय, आणि मागून कुणाचं तरी कोपर लागलं. "घेऊन जा गे मारबत"चा गजर झाला तेव्हा मी खाली वाकून झाकण शोधत होतो. वर कॅमेऱ्यात पाण्याचा थेंब गेला तो गेलाच. पुढच्या दोन लग्नांत प्रत्येक फोटोत एकाच जागी करडा ठिपका. एका नवरीच्या तर बरोबर टिकलीच्या शेजारी! तेव्हापासून रस्त्यावर लेन्स बदलणं बंद.

आता लेन्सचं. तुम्ही ३५ की ५० विचारताय, पण हे आकडे तुम्ही फुल फ्रेमवाल्यांकडून, म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमएवढा मोठा सेन्सर असलेल्यांकडून ऐकलेले दिसतात. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे. त्यावर ३५ लावली तर ती साधारण ५२सारखी बघते, आणि ५० लावली तर ७५सारखी. ३५ची नजर हवी असेल तर तुम्हाला २३ किंवा २४ घ्यावी लागेल. पुढं मी ३५ म्हणेन तेव्हा तुमच्यासाठी ती २३ समजा.

३५चा एक हिशेब लक्षात ठेवला की बाकी पुस्तकी कोन-बिन विसरलात तरी चालतं. फुल फ्रेमची रुंदी ३६ मिलिमीटर, लेन्स ३५ची. म्हणजे कॅमेरा आडवा धरला की समोरची वस्तू जितकी दूर, जवळजवळ तितकीच रुंदी फ्रेममध्ये मावते. तीन मीटरवरच्या भिंतीची तीन मीटर रुंदी. उंची तिच्या दोन तृतीयांश, म्हणजे दोन मीटर. डोक्यापासून चपलेपर्यंत उभा माणूस बरोबर मावतो. घरी गच्चीवर टेप लावून एकदा करून बघा. दोन मीटर, तीन मीटर, पाच मीटर अशी अंतरं पायांना कळली पाहिजेत. महिनाभरानं कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फ्रेमच्या कडा कुठं पडणार ते दिसायला लागतं. झूममध्ये हे कधी होत नाही, कारण तिथं कडा रोज बदलतात.

आता हा हिशेब महालात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीत नेऊ. तिथल्या जुन्या गल्ल्या माणसं, बैलगाड्या आणि घोडे यांच्यासाठी झालेल्या. भोसल्यांची राजधानी होती ही. काही गल्ल्या जेमतेम आठ फुटांच्या आहेत. एका भिंतीला पाठ टेकवून समोरचा ओटा बघा: अंतर साधारण अडीच मीटर. ३५नं अडीच मीटर रुंदी मिळते, म्हणजे ओट्यावर बसलेली आजी, तिच्या मागचं दार आणि दारातून डोकावणारं पोर. फुल फ्रेमवरच्या ५०ला पावणेदोन मीटर, म्हणजे आजी आणि अर्धं दार. आणि तुम्ही ५० घेतली असती, जी ७५सारखी वागते, तर सव्वा मीटरही नाही, नुसती आजी. मागे सरकायचं म्हटलं तर मागं भिंत. या शहराच्या जुन्या भागासाठी लेन्स निवडताना मी एवढंच बघतो: पाठ भिंतीला लागल्यावर समोर काय मावतं. सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर, मोठमोठ्या झाडांखाली ५० छान वाटते, तिथं ३५मध्ये अर्धी फ्रेम नुसता डांबरी रस्ता येतो. पण मला माणसं हवी असतात, आणि ती महाल-इतवारीकडे जास्त आहेत.

"पायांनीच झूम करा" असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. मला ते पटत नाही. झूम फिरवली की फ्रेम लहान-मोठी होते, वस्तूंचं एकमेकांशी नातं तेच राहतं. दोन पावलं पुढं गेलात की समोरचा माणूस मोठा होतो, मागचं देऊळ जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणजे चित्रच दुसरं होतं. आणि दोन पावलं पुढं गेल्यावर तो माणूस तुम्हाला काहीतरी विचारतो. त्याचं लेन्सच्या माहितीपत्रकात काही लिहिलेलं नसतं.

माझ्या मते एक लेन्सची सगळी गंमत इथंच आहे. ३५ ही बोलण्याच्या अंतराची लेन्स आहे. दीड ते तीन मीटर: एवढ्या अंतरावर नागपुरात कुणी कुणाला न बोलता सोडत नाही. मुंबईत लोकलमधून उतरणारा माणूस तुमच्याकडे बघतही नाही. इथं पानठेल्यासमोर कॅमेरा घेऊन उभे राहिलात की दहा सेकंदांत "काय करून राहिले जी?" येतंच. तुमचा हात खाली येतो तो याच प्रश्नाला घाबरून. मी म्हणतो, त्या प्रश्नाची वाट बघा. तो आला की अर्धं काम झालं.

एक उदाहरण देतो. गांधी गेटच्या आतल्या अंगाला एका पानठेल्यावर खर्रा घोटणं चाललं होतं. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन तो लाकडी पाटीवर तळहातानं असा जोरात घासतात की सगळा ठेला हलतो. मला ते हात हवे होते. कॅमेरा गळ्यातच ठेवून जवळ गेलो. ठेलेवाल्यानं घोटणं थांबवलं. राज्यात सुगंधित तंबाखूवर बंदी असल्यानं त्याचा जीव खालीवर झालेला. "साहेब, एफडीएतून आले का?" म्हटलं, नाही बाप्पा, लग्नाचे फोटो काढतो, रविवारी हौस. बाजूला उभा एक गिऱ्हाईक म्हणाला, "घ्याचा तं घ्या, पन माहं तोंड नका घेऊ. घरी मालूम नाही." त्यावर सगळे हसले आणि ठेलेवाला पुन्हा कामाला लागला. मग मी शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणलं. पन्नी आणि पंजे हलल्यासारखे पुसट, बाकी पाटी, चुन्याची डबी, टांगलेली पाकिटं सगळं स्वच्छ. तो फोटो दीड मीटरवरून काढला. समोरच्या फुटपाथवरून २००च्या लेन्सनं तो निघाला नसता, कारण मी एफडीएचा नाही हे तिथून सांगता आलं नसतं.

सुरुवात कुठून, हे विचारलंत. बर्डी सोडा. बर्डीवर पहिल्या दिवशी सगळेच जातात आणि गोंधळून परत येतात. मेन रोडवर गर्दी आहे, पण ती चालती गर्दी. कुणी थांबत नाही, सगळे खरेदीत. दुकानांच्या पाट्यांवर इतके रंग की फ्रेममध्ये काय बघायचं तेच कळत नाही. वर्षभरानं या, मोदी नंबर तीनच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीवाले भिंग लावून बसलेले असतात, तेव्हा मजा येईल.

गांधी गेटपासून निघा. जुनं नाव जुम्मा दरवाजा. शेजारचा तलाव एकच, पण नावं त्याची तीन: जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर. या शहरात आठवड्याचे वार असे विखुरलेले आहेत. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी; ज्या दिवशी जिथं बाजार भरायचा त्याचं नाव जागेला चिकटलं. हिवाळ्यात साडेसहा-पावणेसातला पोचा, सूर्य उगवता उगवता. तलावावर धुकं असतं, पण तलावाचे फोटो काढत बसू नका. तलावाचे फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. गेटमधून आत या. दूधवाले, पेपरवाले, चिटणीस पार्कात फिरणारी म्हातारी मंडळी. बडकस चौकात चहा. तर्री पोहे हवे असतील तर खा, पण कॅमेरा आधी बॅगेत टाका. तर्रीचं तेल बोटाला लागलं आणि तेच बोट लेन्सला लागलं की दिवसभर सगळ्या फोटोंवर धुरकट पडदा येतो. हे मी तीन वेळा केलंय.

बडकस चौकातून चितार ओळ. इथं धंद्यांच्या ओळी आहेत: किराणा ओळ, सराफा ओळ, तशी ही मूर्तिकारांची. मेट्रोच्या स्टेशनलाही आता हेच नाव आहे. तुम्हाला पहिले तीन महिने एकच जागा निवडायची असेल तर मी ही सांगेन. जून-जुलैत मातीचे ढीग आणि बिनडोक्याची धडं, ऑगस्टमध्ये पांढऱ्या रंगातल्या मूर्तींच्या रांगा, गणपतीच्या आधीचे आठ दिवस रात्रभर दिवे, मग देवी. तीच गल्ली, तीच माणसं, दर पंधरा दिवसांनी वेगळं काम.

एका वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी तिथल्या एका कारखान्यात उभा होतो. कारखाना म्हणजे दहा बाय पंधराची खोली, समोरून उघडी. म्हातारे काका डोळ्यांची आखणी करत होते. पंखा बंद, कारण वाऱ्यानं ब्रश हलतो. एक ब्रश उजव्या हातात, दुसरा दातात आडवा. डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, त्या आधारावर उजवा हात. मी कॅमेरा उचलला तसे ते न बघताच म्हणाले, "थांबा भाऊ." थांबलो. बुबुळाचा काळा गोल एका श्वासात काढतात; श्वास सोडताना हात हलतो. गोल पूर्ण झाला, त्यांनी श्वास सोडला, मागे झुकून बघितलं, मग म्हणाले, "हं, आता घ्या." म्हटलं, आता काय घेऊ, झालं ना! तर हसून म्हणाले, "दुसरा डोळा हाये अजून." दुसऱ्या डोळ्याला मी गुडघ्यावर होतो, मूर्तीच्या शेजारी, सव्वा मीटरवर. लेन्सचं छिद्र एफ २.८ (आकडा लहान, छिद्र मोठं), शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६००. चाळीस मिनिटांत दोन फोटो काढले. त्यातला एक दुकानात लावलाय. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर अशा ठिकाणी जरूर करा.

चितार ओळीतून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू ओलांडला की इतवारी. तिथं दहाच्या पुढं पोचलात तर हातगाड्या, हमाल आणि स्कूटर यांत पाय ठेवायला जागा नसते. मला तिथं सकाळी दुकानं उघडतानाचा अर्धा तास आवडतो. शटर वर जातंय, नोकर पाणी मारतोय, शेठजी फोटोला उदबत्ती ओवाळतायत. उदबत्तीचा धूर आणि तिरपं ऊन एकत्र आलं तर थांबा. एवढी एक फेरी, गांधी गेट ते इतवारी, तीन तासांत आरामात होते, आणि माझ्या मते पहिल्या सहा महिन्यांना पुरते.

बाकीच्या जागा झटपट सांगतो. झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि ते चार घोडे एकदा बघून या. १९०७चं, इंग्रजांच्या सर्वेक्षणाच्या काळातलं काम. फोटो त्याचा सगळ्यांकडे आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला लोकांना आत सोडतात, कॅमेरा काढायच्या आधी गेटवरच्या जवानाला विचारा. लोहापुलाखाली भर दुपारीही अंधार आणि दोन्ही तोंडांना लख्ख उजेड; उजेडाला धरून एक्स्पोजर ठेवा आणि त्यातून येणाऱ्या काळ्या आकृत्या पकडा. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो असे चार मजले आहेत. नवीन माणूस ते चारही एका फ्रेममध्ये घ्यायला धडपडतो. ३५मध्ये पुलाजवळून ते मावत नाहीत आणि मागे सरकलं तर मुंगीएवढे होतात. सोडून द्या. एक लेन्स म्हणजे रोज दहा गोष्टी सोडून द्याव्या लागतात. मला सुरुवातीला याचा त्रास व्हायचा, आता बरं वाटतं.

दीक्षाभूमीबद्दल जरा सावकाश लिहितो. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली, ती ही जागा. दसऱ्याच्या सुमारास लाखो माणसं येतात. स्टेशनवरून माणसांची रांग पायी निघते, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, हातात निळे झेंडे. बरेच फोटोग्राफर थेट स्तूपासमोर जाऊन उभे राहतात. मी सांगेन, स्टेशनवरून लोकांसोबत चाला. पहिला तासभर कॅमेरा काढूच नका. ही जत्रा नाही, कुणी तुमच्यासाठी सजून आलेलं नाही. पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबा. नांदेड-परभणीकडचा शेतमजूर चार पुस्तकं हातात घेऊन कुठली दोन घ्यावीत याचा विचार करत उभा असतो, त्या चेहऱ्यासारखा चेहरा मला दुसऱ्या कुठल्या गर्दीत दिसला नाही. तिथं लोक स्वतःहून म्हणतात, आमचा घरच्या सगळ्यांचा एक काढा. काढा. पत्ता किंवा नंबर घ्या आणि खरंच पाठवा.

उजेडाचं. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, त्याचा पायी फिरणाऱ्याला थेट उपयोग आहे. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी येतात, नाकाखाली काळा डाग. वर नवतपा, मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस. मे २०१३मध्ये पारा ४७.९वर गेला होता, आणि अशा उन्हात काळा कॅमेरा हाताला चटका देतो. मे महिन्यात साडेपाच ते आठ, बस्स. नंतर फिरायचंच असेल तर सावलीतली कामं बघा: कूलरच्या ताट्या बदलणारे, दुकानांपुढच्या ताडपत्रीखालचा रंगीत उजेड. पांढरा दुपट्टा डोक्याला, एक कॅमेऱ्याला.

डिसेंबरात याच्या अगदी उलट. भर दुपारीही सूर्य दक्षिणेला ४५ अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी. दिवसभर ऊन तिरपं. पण गल्लीची दिशा बघा. पूर्व-पश्चिम गल्लीत दक्षिणेकडची दुमजली घरं सगळी गल्ली सावलीत टाकतात, ऊन फक्त समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर. उत्तर-दक्षिण गल्लीत दुपारी बाराच्या सुमारास उन्हाचा एक पट्टा सरळ रस्त्यावर उतरतो आणि तासाभरात भिंतीवर चढतो. मी अशा चार गल्ल्या हेरून ठेवल्यात. पट्टा पडला की कडेला उभा राहतो, जो यायचा तो त्यातून जातो.

सेटिंगमध्ये फार अडकू नका. तुमच्या २३वर एफ ८ ठेवा, फोकस हातानं दोन मीटरवर लावून सोडून द्या. साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, म्हणजे महालातली आख्खी गल्ली. ऑटोफोकस मागं-पुढं करत बसण्याचा प्रश्नच मिटला. शटर २५०वा भाग. हे दोन्ही पक्के, आणि आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ३२००. सावलीच्या गल्लीत तो ५०० ते १६००च्या दरम्यान राहतो. थोडे दाणे आले तर येऊ द्या. संध्याकाळी एफ ८ जमत नाही, तेव्हा एफ २.८ आणि ऑटोफोकस. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोय, दिवसाच्या उजेडाला बांधून ठेवा, म्हणजे ट्यूबलाइट हिरवट आणि बल्ब पिवळा, जसा आहे तसा येईल. पावसाळ्यात एसी खोलीतून निघालात तर कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. लगेच काढला की काच धुक्यानं भरते. मग माणसं पुसत बसतात आणि ओरखडे पाडतात.

लोकांबद्दल आणखी थोडं. मी आधी विचारतो की आधी काढतो? दोन्ही. काम करणाऱ्या हातांना विचारून काढलं तरी काम बिघडत नाही, दोन मिनिटांनी माणूस तुम्हाला विसरतो. क्षणाचं असेल तर आधी काढतो, मग मान हलवून हसतो, आणि समोरच्यानं नको म्हटलं तर त्याच्यासमोर पुसून टाकतो. वाद घालत नाही. "सार्वजनिक जागा आहे, मला हक्क आहे" असं चौकात म्हणणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. पुढच्या रविवारी त्यांना त्या चौकात उभं राहता येत नाही. लहान पोरांचे फोटो मोठं माणूस सोबत असल्याशिवाय काढत नाही. दारूच्या दुकानाबाहेर पडलेला, रडणारा, भीक मागणारा, हे मी घेत नाही. ते माझं मत, तुमचं तुम्ही ठरवा. "कोन्या पेपरात येईन जी?" हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगा: पेपरात नाही, पण छापून आणून देईन.

आणि खरंच छापून न्या. चार बाय सहाचा प्रिंट चहाच्या भावात होतो. मी दर महिन्याला वीस-पंचवीस काढतो, पाकिटात टाकून पुढच्या फेरीत वाटतो. प्रिंट हातात दिला की त्या दुकानात तुम्ही कॅमेरावाले भाऊ होता. मग खुर्ची मिळते, चहा मिळतो, आतल्या खोलीत नेऊन जुनी तराजू दाखवतात. चितार ओळीतल्या त्या काकांना मी तो आखणीचा फोटो मोठा करून दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, बुबुळ जरा वर गेलं.

आता तुमचे ते तीनशे फोटो. दोन रविवारांत तीनशे हे जास्त आहेत. सोबतची माणसं बदलली, जागा बदलली, १८-५५ सारखी फिरत राहिली, तर तीनशेतून काही कळत नाही. पण पुसू नका. संगणकावर बघा, १८-५५नं काढलेल्या प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. कुठल्या आकड्याभोवती जास्त आहेत ते मोजा. बहुतेकांचे एकतर १८वर, नाहीतर ५५वर गोळा झालेले निघतात: म्हणजे आधी सगळं कोंबायचा प्रयत्न आणि मग लाजून दुरून. तुमचे २०-२५च्या आसपास बरेच निघाले तर २३ डोळे मिटून घ्या. निघाले नाहीत तर लेन्स घ्यायच्या आधी महिनाभर त्याच १८-५५ची रिंग २३वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका. पैसे वाचतील. एफ २.८ मिळणार नाही, पण दिवसा एफ ८ला काय फरक पडतो?

त्या चिकटपट्टीसकट येत्या रविवारी पावणेसातला गांधी गेटला जा. छत्तीसच फोटो काढायचे, जुन्या रोलएवढे. मी रोलच्याच काळात शिकलो, तेव्हा छत्तीस संपले की घरी जावं लागायचं. सोबत कुणाला नेऊ नका. दोघं असलात की आपसात बोलता आणि रस्त्यावरचं कुणी तुमच्याशी बोलत नाही. पाण्याची बाटली घ्या. बूट जुनेच घाला, इतवारीत सकाळी दुकानदार पाणी मारतात.